नंबरचा चष्मा आहे ना, मग वेगळा गॉगल कशाला?

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

आम्ही भुसावळला राहतो. यांची अख्खी नोकरी वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत गेली, आता निवृत्त आहेत. मुलगा टेक्सासमध्ये नोकरीला आहे. तिथं त्याला नेमबाजीचा नाद लागलाय. बंदूक रीतसर आहे, क्लब आहे, सगळं तिथल्या कायद्यात बसतं म्हणतो. पण गेल्या वर्षापासून तो झाडलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या जमा करून आणतो आणि गॅरेजमध्ये बसून पुन्हा भरतो. तिकडं पुष्कळ लोक घरी हे करतात म्हणे. रविवारी व्हिडिओ कॉल लावला की फोन टेबलावर उभा करून ठेवतो, आणि बोलता बोलता त्याचं काम चालूच. डोळ्यांवर नुसता नंबरचा चष्मा. हे इकडून ओरडतात, "आमच्या फॅक्टरीत असा बसला असतास तर त्याच मिनिटाला बाहेर काढलं असतं." तो म्हणतो, "पप्पा, तुम्ही तरी कुठे लावता?"

ते खरं आहे. यांनी घरामागे शेड टाकलीय. शेतकऱ्यांची कोळपी, वखराची पास, विळे, केळीच्या बागेतली अवजारं दुरुस्तीला येतात. हँड ग्राइंडर दिवसभर चालतो. हे चष्मा कपाळावर ढकलतात आणि डोळे बारीक करून घासत बसतात. मी बोलले की उत्तर ठरलेलं, "काही व्हत नही." फॅक्टरीत इतकी शिस्त पाळलेला माणूस घरी असा का वागतो? नातू सहा वर्षांचा आहे, सुट्टीत आला की आजोबांच्या शेजारीच उभा असतो.

नंबरचा चष्मा पुरेसा असतो का? दोघांना काय घ्यायला सांगू? आणि मुख्य म्हणजे, घालायला कसं लावू?

एक आई, भुसावळ

ताई,

नंबरचा चष्मा पुरेसा नाही. मुलाला नाही आणि यजमानांनाही नाही. तो नीट दिसावं म्हणून केलेला असतो, मार सोसायला नाही. साधं प्लॅस्टिकचं भिंग जोराचा फटका बसला की फुटतं, काचेचं असेल तर त्याचे अणकुचीदार तुकडे होतात आणि ते डोळ्याकडेच जातात. भिंग फुटलं नाही तरी साध्या फ्रेमच्या खाचेतून निसटून मागं येऊ शकतं. शिवाय दोन्ही बाजू उघड्या. ग्राइंडरची ठिणगी काही समोरूनच येते असं नाही. ती गालावर आपटून, भुवईवर आदळून, कडेच्या फटीतून आत शिरते. चष्मा डोळ्यांवर असूनही कण बुबुळात रुतलेले पेशंट मी नेहमी पाहते.

आधी मुलाचं काम घेऊ, कारण ते आपल्याकडच्या वाचकांना अनोळखी आहे. पुंगळीच्या बुडात एक छोटी धातूची टोपी बसवतात, तिला प्राइमर म्हणतात. बंदुकीची पिन तिच्यावर आदळते, टोपी पेटते आणि ती आतल्या दारूला पेटवते. थोडक्यात, ठोका बसला की पेटणं हेच तिचं काम. नेहमीच्या प्राइमरमध्ये शिशाचं एक अतिसंवेदनशील संयुग असतं. ही टोपी पुंगळीत दाबून बसवताना वाकडी गेली, किंवा अडकली म्हणून माणसानं जोर लावला, तर ती हातातच फुटू शकते. त्या क्षणी चेहरा कामापासून वीतभर लांब असतो, कारण वस्तू बारीक असल्यानं माणूस वाकून बघत असतो. टोपीच्या पत्र्याचे तुकडे उडतात आणि सगळ्यात जवळचा मऊ भाग म्हणजे डोळा. चुकीची बसलेली जिवंत टोपी पुन्हा बाहेर काढायचा प्रयत्न तर त्याहून वाईट. एका जागी पुष्कळ टोप्या साठवल्या असतील आणि एक पेटली तर बाकीच्या पाठोपाठ पेटू शकतात, म्हणून कंपनी त्या खणाखणांच्या ट्रेमध्ये एकमेकींपासून वेगळ्या ठेवून देते. त्या बरणीत ओतून ठेवायच्या नसतात. हे सगळं यजमान माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. त्यांची हयात दारूगोळ्याच्या कारखान्यात गेलीय.

नुसती टोपीच नव्हे. पुंगळीचं तोंड कापून सारखं करताना पितळेचा कीस उडतो, साच्यातली स्प्रिंग सुटली तर सरळ तोंडावर येते. कुणी घरी शिसं वितळवून गोळ्या ओतत असेल तर त्यात पाण्याचा किंवा घामाचा एक थेंब पडला तरी वाफेच्या स्फोटानं तापलेलं शिसं उसळतं. मुलगा तेही करत असेल तर गॉगलवर पूर्ण चेहऱ्याची ढाल हवीच. अडकलं की जोर लावायचा नाही, हात थांबवायचा, हे त्याला तुम्ही आई म्हणूनही सांगू शकता.

डोळ्यात पितळ जाणं आम्हाला का भिववतं तेही सांगते. काडतुसाच्या पितळेत साधारण 70 टक्के तांबं असतं. शुद्ध तांब्याचा कण डोळ्याच्या आत गेला तर काही दिवसांतच पू झाल्यासारखी भयंकर सूज येते. पितळेसारख्या मिश्रधातूत तांबं कमी असतं, तेव्हा ते हळूहळू झिरपतं. बुबुळाच्या कडेनं हिरवट तपकिरी कडं उमटतं, आतल्या भिंगावर सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखा मोतीबिंदू धरतो. तोवर माणसाला वाटत असतं की त्या दिवशी डोळ्यात काहीतरी टोचलं होतं, पण बरं झालं.

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिते. भारतात परवान्याशिवाय घरी काडतूस बनवणं किंवा भरणं हा 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. मुलगा टेक्सासमध्ये जे करतो ते तिथंच राहू दे. सुट्टीवर येताना त्याच्या बॅगेत चुकून एखादं काडतूस राहिलं तरी विमानतळावरच गुन्हा दाखल होतो. निघण्यापूर्वी रेंजवर नेलेली बॅग वापरू नको, दुसरी घे, एवढं त्याला बजावा.

आता यजमानांचा ग्राइंडर. मला त्याचीच जास्त काळजी आहे, कारण मुलाचं काम रविवारचं आणि यांचं रोजचं. चार इंची हँड ग्राइंडर मिनिटाला साधारण 11,000 फेरे घेतो. हिशेब केला तर चकतीची कड सेकंदाला 57 मीटरच्या आसपास धावते, म्हणजे ताशी 200 किलोमीटरच्या वर. कडेवरून सुटलेला लोखंडाचा कण जवळपास त्याच वेगानं निघतो. पापणी मिटायच्या आत तो पोचलेला असतो. "मी डोळे बारीक करतो ना" म्हणणाऱ्यांना मी हा आकडा सांगते.

बहुतेक वेळा हा कण बुबुळाच्या पृष्ठभागावर रुततो. आमच्या यंत्राखाली तो काळा ठिपका दिसतो, आणि माणूस दोन दिवस थांबून आला असेल तर ठिपक्याभोवती नारिंगी तपकिरी गोल असतो. तो गंज. डोळा ओला असतो, लोखंड गंजणारच. सुन्न करणारे थेंब टाकून सुईच्या टोकानं आधी कण उचलायचा, मग तो गंज खरवडून काढायचा. नेमका मधोमध असेल तर सगळं नीट झालं तरी पांढुरका डाग मागं राहतो, आणि त्या डागातूनच माणसाला उरलेलं आयुष्य बघावं लागतं.

दुसरा प्रकार वाईट. बारीक आणि फार वेगात आलेला कण बुबुळ भेदून आत जातो. यात फारसं दुखत नाही, हीच खरी अडचण. "एक टोचल्यासारखं झालं, मग काही नाही," असं पेशंट सांगतो. भोक इतकं बारीक असतं की आरशात दिसत नाही. कधी कधी बाहुली गोल न राहता थेंबाच्या आकाराची दिसते, तेवढीच खूण. आत राहिलेलं लोखंड विरघळत जातं आणि डोळ्यामागचा पडदा जाळत जातं. आधी रात्रीचं दिसणं कमी होतं, एका डोळ्याच्या बुबुळाचा रंग बदलतो, आणि मग उरलेली नजरही जाते. कित्येक महिने लागतात याला, म्हणून माणसाला या दोन गोष्टींचा संबंधही लागत नाही.

घ्यायचं काय? पॉलिकार्बोनेटच्या भिंगाचा, दोन्ही बाजू झाकणारा, गालाला आणि भुवईला धरून बसणारा पारदर्शक सेफ्टी चष्मा. मुलाला सांगा, चष्म्याच्या काडीवर किंवा भिंगाच्या कोपऱ्यात झेड 87 आणि पुढं अधिकचं चिन्ह आहे का ते बघ. ते अमेरिकन मानक आहे. अधिकच्या चिन्हाचा अर्थ असा की त्या प्रकारच्या चष्म्यावर पाव इंची पोलादी गोळी सेकंदाला सुमारे 45 मीटर वेगानं मारून बघतात, आणि अर्धा किलोचं टोकदार वजन सव्वा मीटरवरून भिंगावर टाकून बघतात. आपल्याकडं डोळ्यांच्या संरक्षणाच्या साधनांसाठी आयएस 5983 हे भारतीय मानक आहे. वेल्डिंगचं साहित्य विकणाऱ्या दुकानात मागताना हा क्रमांक किंवा झेड 87 छापलेला दाखवा म्हणायचं. रस्त्यावर मिळणारा, काही छापलेलं नसलेला गॉगल घेऊ नका. आणि काळा गॉगल शेडमध्ये नको. अंधारात डोकं आणखी खाली वाकतं. काळी काच वेल्डिंगपुरती, तीही नीट नंबरची. साध्या आर्क वेल्डिंगला 10 किंवा 11 नंबरची काच लागते.

वेल्डिंगचं निघालंच आहे तर सांगून टाकते. टाका मारून झाला की लोक हेल्मेट वर करतात आणि हातोडीनं वरची खपली उडवतात. ती तापलेली खपली उघड्या डोळ्यात जाते. हेल्मेटच्या आत साधा पारदर्शक सेफ्टी चष्मा असायलाच हवा.

ग्राइंडरला चेहऱ्याची ढाल लावली तर चष्म्याची गरज नाही, असंही काही जण समजतात. ढाल खालून उघडी असते, आणि ठिणग्या खालूनच येतात. दोन्ही लावायचं. ढाल मुख्यतः फुटलेल्या चकतीसाठी. चिरलेली, ओल धरलेली, जमिनीवर पडलेली चकती वापरायची नाही, आणि ग्राइंडरचं पत्र्याचं झाकण काढून मोठी चकती बसवायची नाही. कटिंगची चकती आडवी धरून घासायची नाही. हे यजमानांना माहीत असणारच, तरी कागदावर लिहून भिंतीला लावा.

आता चष्मा कपाळावर ढकलण्याची गोष्ट. मला त्यात बेफिकिरी कमी आणि अडचण जास्त दिसते. साठीच्या माणसाचा चष्मा सहसा दोन भागांचा असतो, वरून लांबचं, खालून वाचायचं. वाचायचा भाग सव्वा फुटावरच्या पेपरासाठी केलेला. पण व्हाइसमध्ये पकडलेलं कोळपं दीड-दोन फुटांवर आणि छातीच्या उंचीला असतं. वरच्या भागातून ते अंधुक, खालच्या भागातून बघायचं तर हनुवटी वर करून मान मागं टाकावी लागते. पाच मिनिटांत मान भरून येते, आणि माणूस चष्मा कपाळावर ढकलतो. म्हणजे काम दिसावं म्हणून त्यांनी चष्मा काढलाय. त्यावर रागावून काय होणार?

त्यांना विचारा, चष्मा काढल्यावर ते काम स्पष्ट दिसतं, का डोळे बारीक करावे लागतात? लांबचा नंबर वजा दीड-दोनच्या आसपास असेल तर चष्म्याशिवाय दीड-दोन फुटांवरचं स्वच्छ दिसतं. मग प्रश्नच मिटला, बिननंबरचा साधा सेफ्टी चष्मा घ्यायचा, तो काही महाग नसतो. पण तुम्ही लिहिलंय की ते डोळे बारीक करतात, त्यावरून स्पष्ट दिसत नसावं. तसं असेल तर एक काम करा. ते नेहमीसारखे शेडमध्ये उभे राहू देत. टेपनं त्यांच्या डोळ्याच्या कोपऱ्यापासून व्हाइसपर्यंतचं अंतर मोजा. ते सेंटिमीटरमध्ये लिहून चष्म्याच्या दुकानात द्या आणि सांगा, या अंतरासाठी एकाच नंबरची, पॉलिकार्बोनेटची भिंगं हवीत, बाजू झाकणाऱ्या सेफ्टी फ्रेममध्ये. गावात अशी फ्रेम मिळाली नाही तर दुसरा मार्ग आहे. त्याच अंतराचा साधा, स्वस्त चष्मा करून घ्यायचा आणि त्यावर बसणारा मोठा सेफ्टी गॉगल वरून लावायचा. या चष्म्यानं पेपर नीट दिसणार नाही आणि रस्ताही दिसणार नाही. तो शेडचाच चष्मा, शेडमध्येच राहायचा. मुलाचंही तेच. अमेरिकेत नंबरचे सेफ्टी चष्मे रीतसर करून मिळतात, त्याच्या चष्मेवाल्याला त्यानं विचारावं. तोवर नंबरच्या चष्म्यावर बसणारा गॉगल.

तुमचा खरा प्रश्न तिसरा आहे. फॅक्टरीत शिस्त पाळणारा माणूस घरी असा का? फॅक्टरीत दार होतं, ताई. दारूगोळ्याच्या कारखान्यात शिरतानाच काडेपेटी, विडी काढून ठेवायला लावतात. आत पर्यवेक्षक असतो, पाटी असते, शेजारचा माणूस लावून बसलेला असतो. चष्मा घालायचा का नाही हा विचार करायची वेळच येत नाही. घरी प्रत्येक वेळी ठरवावं लागतं, आणि समोर शेतकरी घाईत उभा असतो, "भाऊ, फक्त एवढी धार लावी द्या." माझ्याकडं कण घेऊन येणाऱ्यांत चष्मा नसलेले कमी, चष्मा शेडमध्येच खिळ्याला अडकवून आलेले जास्त. त्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, एका मिनिटाचं काम होतं म्हणून.

तर घरी तसं दार करायचं. चष्मा कपाटात, ड्रॉवरमध्ये, खिशात नको. ग्राइंडरच्या मुठीलाच अडकवून ठेवायचा. ग्राइंडर उचलायचा तर आधी चष्मा हातात येतो, आणि हातात आला की डोळ्यांवर जातो. मुलानं तो पुंगळ्या भरायच्या प्रेसच्या दांड्याला अडकवावा. काम संपलं की तिथंच परत. क्रम एकच, यंत्राला हात लावायच्या आधी डोळ्यांवर, आणि चकती पूर्ण थांबल्यावरच खाली. बटण बंद केल्यावरही चकती काही सेकंद फिरत राहते, त्या सेकंदांत चष्मा काढणारे पुष्कळ आहेत.

काढायचीही रीत आहे आणि ती कुणी सांगत नाही. कपाळावर, भुवयांवर, केसांत कीस बसलेला असतो. चष्मा झटकन वर केला की तो सरळ डोळ्यात पडतो. म्हणून चष्मा असतानाच कपाळ आणि भुवया ओल्या फडक्यानं पुसायच्या, पुढं वाकायचं, डोळे मिटायचे, आणि मग दोन्ही काड्या धरून चष्मा पुढं ओढायचा. नंतर साबणानं हात, मग तोंड. मुलाच्या बाबतीत हात धुण्याला आणखी एक कारण आहे. त्याच्या टेबलावर शिशाची धूळ असते. त्या हातानं डोळे चोळायचे नाहीत, तिथं बसून काही खायचं-प्यायचं नाही, आणि फोनही त्या टेबलावर ठेवायचा नाही. म्हणजे रविवारचा कॉल काम थांबवून, दुसऱ्या खोलीत. लक्ष दोन ठिकाणी ठेवून ते काम करणं मुळातच चूक आहे, आणि हा हट्ट तुम्ही धरा. आईशी बोलायचं तर हात रिकामे ठेवून बोल, म्हणावं.

उकाडा हे न घालण्याचं दुसरं मोठं कारण. वैशाखात भुसावळ 45 अंशांच्या पुढं जातं, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. घाम भिंगावर उतरतो, वाफ धरते, दिसेनासं होतं. चारही बाजूंनी बंद, रबरी कडेचा गॉगल तिथं टिकणार नाही. बाजू झाकणारा पण वरून हवा खेळणारा चष्मा घ्या, वाफ न धरणाऱ्या लेपाचा मिळतो, तो मागा. कपाळाला सुती रुमाल घट्ट बांधला की घाम भुवईवरच अडतो. जड घासायचं काम सकाळी नऊच्या आत उरकलेलं बरं. चष्मा सदऱ्याच्या टोकानं पुसू देऊ नका. त्यावर लोखंडाचा कीस असतो, पुसलं की ओरखडे पडतात, ओरखड्यांनी धुरकट दिसतं आणि मग तो पुन्हा कपाळावर जातो. नळाखाली धरून धुवायचा, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब लावून, आणि मऊ सुती फडक्यानं टिपायचा. तरी ओरखडे पडणारच. पडले की नवा घ्यायचा, दोन-तीन आणूनच ठेवा.

नातवाबद्दल मी ताठ आहे. ग्राइंडर चालू असताना सहा वर्षांचं मूल शेडमध्ये नको, चष्मा घालूनही नको. लहान मुलाच्या मापाचा चष्मा नीट बसत नाही आणि त्याचं डोकं नेमकं ठिणग्यांच्या उंचीला असतं. आजोबांनी यंत्र बंद केलं की त्यानं आत यावं, अवजार हातात घ्यावं, हवे तेवढे प्रश्न विचारावेत. शेतकरी उभे असतात त्यांच्यासाठी मात्र दारात दोन जादा चष्मे टांगून ठेवा. लावायचा नसेल त्यानं बाहेर बाकावर बसावं.

घालायला लावायचं तर बापलेकांना एकमेकांच्या हवाली करा. मुलाचा टोमणा खरा आहे आणि यजमानांना तो लागलाय, नाहीतर तुम्ही मला लिहिलं नसतं. पुढच्या रविवारी यांनी शेडमध्ये नवा चष्मा लावलेला मुलाला दाखवावा, आणि मगच त्याला कारखान्यातल्या शिस्तीचे चार शब्द ऐकवावेत. टोपी बसवताना काय होऊ शकतं हे त्याला जगात कुणी पटवून देऊ शकत असेल तर त्याचा बाप. माझ्या लेखानं ते होणार नाही.

आता काळजी घेऊनही काही गेलंच तर. साधी धूळ असेल तर चोळायचं नाही, स्वच्छ पिण्याच्या पाण्यानं डोळा धुवायचा, पापण्या उघडझाप करायच्या. निघालं नाही तर डोळ्यांच्या डॉक्टरकडं, त्याच दिवशी. कापसाची काडी, पदराचं टोक, जिभेनं कण काढणारी बाई, तूप, गुलाबपाणी, आईचं दूध, यातलं काहीही नको. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं थेंब आणू नका. स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली चटकन उतरते, पण जखमेत बुरशी शिरली असेल तर ती आत फोफावते. खान्देशात हे मी पऱ्हाटी डोळ्याला लागलेल्या कितीतरी शेतकऱ्यांमध्ये पाहिलंय, साधी जखम असते आणि थेंबांनी डोळा जातो.

वेगात काही लागलं असेल, ग्राइंडरचा कण असो वा मुलाच्या प्राइमरचा तुकडा, आणि दिसायला कमी झालं असेल किंवा काही रुतलेलं दिसत असेल, तर धुवायचंही नाही. दाबायचं नाही, रुतलेलं ओढायचं नाही, मलम घालायचं नाही. कागदी कपाचं बूड कापून डोळ्यावर असं चिकटवायचं की कप भोवतीच्या हाडावर टेकेल, डोळ्याला लागणार नाही. काही खायला-प्यायला द्यायचं नाही, कारण भूल द्यावी लागेल. आणि निघायचं. वाहन नसेल तर 108. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत डोळ्यांचा विभाग आहे, तिथला फोन नंबर शेडच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. मुलाला तिकडं 911. दुखत नाही म्हणून सकाळवर ढकलू नका, आत गेलेला कण दुखत नाही हे वर लिहिलंच आहे. डॉक्टरला पहिलं वाक्य हे सांगायचं, "ग्राइंडर मारत होतो." ते सांगितलं की डॉक्टर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन करून कण शोधतात. न सांगितल्यास नुसते थेंब देऊन घरी पाठवल्याचं मी पाहिलंय. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला विसरू नका.

यजमानांनी इतकी वर्षं उघड्या डोळ्यांनी घासलंय, म्हणून नवा चष्मा करायला जाल तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडून बाहुली मोठी करून एकदा पूर्ण तपासणी करून घ्या. जुना एखादा कण आत असेल तर तेव्हाच कळेल. आणि पुढं कधी गुडघ्यासाठी, मणक्यासाठी एमआरआय सांगितला तर यंत्रात जायच्या आधी तिथल्या माणसाला सांगायचं की मी लोखंड घासण्याचं काम करतो. डोळ्यात लोखंडाचा कण असेल तर एमआरआयच्या चुंबकानं तो हलू शकतो आणि आतून डोळा फाडू शकतो. ते लोक आधी एक्स-रे काढून खात्री करतात.